बटण दाबलं, हात केला नाही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमचे केंद्रप्रमुख साहेब. वेळात वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे, माननीय नगराध्यक्ष. व्यासपीठावर बसलेल्या, खरं तर बसवल्यामुळे अवघडून गेलेल्या आजच्या सत्कारमूर्ती, आपल्या सगळ्यांच्या ताई. पहिल्या रांगेत बसलेली त्यांची लेक. माझे रेडिओ केंद्रातले सहकारी. या सभागृहातले श्रोते. आणि हा समारंभ थेट प्रसारित होतो आहे म्हणून घरोघरी, दुकानांत, गाड्यांमध्ये कान देऊन बसलेले, मला न दिसणारे श्रोते. सगळ्यांना माझा मनापासून नमस्कार.

मी बोलणारा माणूस नाही, हे पहिल्या वाक्यातच आपल्या लक्षात आलं असेल. बावीस वर्षं मी बोलणाऱ्यांच्या समोर, काचेच्या पलीकडे बसलो. आवाज वर घ्यायचा, खाली घ्यायचा, गाणं लावायचं, घड्याळाकडे बघायचं. माझा स्वतःचा आवाज कसा आहे, हे मीसुद्धा आज पहिल्यांदाच ऐकतोय आणि फारसा खूश नाही.

साहेबांनी मला चार मिनिटं दिली आहेत. भाषण लिहून आधी दाखवायचं होतं, ते मी रीतसर दाखवलं. साहेबांनी त्यातल्या दोन ओळी खोडल्या आणि बाकी उत्तम आहे म्हणाले. खोडलेल्यातली एक ओळ अशी होती, ‘ताईंनी श्रोत्यांना कधी फसवलं नाही.’ साहेब म्हणाले, आत्ताच्या परिस्थितीत हे बरं दिसणार नाही. ते भाषण या खिशात आहे. वेळ उरला तर तेही वाचेन.

आधी ताईंविषयी. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी लागणारा ‘दात घासता घासता’ हा कार्यक्रम ऐकला नाही असं कोणी इथे आहे का? हात वर करा. बघा, एकही नाही. या नावावरून केंद्रात केवढं रण माजलं होतं! तेव्हाचे साहेब म्हणाले होते की, रेडिओचा काही आब आहे की नाही. ताई म्हणाल्या, लोक आपल्याला दात घासतानाच ऐकतात; पूजेला बसल्यासारखे हात जोडून ऐकत नाहीत. नाव राहिलं, आणि लोकांचे दात वीस वीस मिनिटं घासून निघायला लागले.

काय असायचं त्यात? गावभरच्या उचापती. कालच्या सभेत कोण काय बोललं, कुठल्या नटाने काय जाहीर केलं, इंटरनेटवर काय अजब फिरतंय. एकाच पुलाचं तीनदा उद्घाटन झालं तेव्हा ताई म्हणाल्या होत्या, ‘पूल जुनाच आहे, कात्री मात्र प्रत्येक वेळी नवी होती.’ एका नटाने मुलाखतीत सांगितलं की, सिनेमातली गच्चीवरची उडी मी स्वतः मारली. आणि मुलाखत चालू असताना त्याच्या मागून हाताला प्लास्टर घातलेला दुसराच माणूस चहा घेऊन गेला. ते पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं? ताईंच्या. कोणा महाभागाने नुकत्याच रंगवलेल्या भिंतीसमोर कॅमेरा लावला आणि चाळीस हजार लोक रंग वाळताना बघत बसले. शेवटी रंग वाळला की नाही यावरून त्या चाळीस हजारांत दोन तट पडले. ताईंनी दोन्ही बाजूंचं म्हणणं इतक्या समतोलपणे मांडलं की, निवडणुकीच्या बातम्यांनाही कधी एवढा न्याय मिळाला नसेल.

आणि त्यांची पद्धत कशी? आधी ती थाप किंवा ती बातमी अगदी निवेदकाच्या गंभीर आवाजात वाचायची. ‘श्रोतेहो, आजपासून शहरातील सर्व कुत्रे रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतील.’ मग थांबायचं. एक, दोन. तेवढ्यात दात घासणाऱ्याचा ब्रश तोंडात थांबायचा. आणि मग, ‘असं इंटरनेटवर एका गृहस्थांनी जाहीर केलंय. त्यांचा स्वतःचा कुत्रा मात्र त्यांचं ऐकत नाही.’ आधी टोपी नीट डोक्यावर ठेवायची आणि मग उडवायची. ही पद्धत लक्षात असू द्या. मला पुढे तिची गरज पडणार आहे.

आता माझ्या कामाविषयी दोन शब्द, कारण ते कोणाला माहीत नसतं. थेट कार्यक्रमात ताई जे बोलतात, ते तुम्हाला त्याच क्षणी ऐकू येत नाही. सात सेकंदांनी येतं. ते सात सेकंद आमच्या यंत्रात थांबलेले असतात आणि माझ्या उजव्या हाताखाली एक बटण असतं. कोणी शिवी घातली, कोणी भलतंसलतं बोललं की, मी ते बटण दाबायचं. मग यंत्रात थांबलेले सात सेकंद नाहीसे होतात. लोकांना वाटतं, बटण वाईट शब्द तेवढा कापतं. छे हो. त्याला काय कळतंय वाईट आणि चांगलं! ते सातच्या सात सेकंद गिळतं. पुढचे, मागचे, निरपराध शब्दसुद्धा.

म्हणून ताईंनी आणि मी पहिल्याच आठवड्यात एक रीत ठरवली. मी बटण दाबलं की, लगेच काचेतून हात वर करायचा. हात दिसला की, ताईंनी समजायचं, आत्ता बोललेलं बाहेर गेलेलं नाही. आणि त्यातलं कामाचं पुन्हा वेगळ्या शब्दांत सांगायचं. एकदा एका ज्येष्ठ नटाने मांडीवर गरम चहा सांडल्यावर जे उद्गार काढले, ते मी गिळले. पण त्याच सात सेकंदांत ताईंनी रक्तदान शिबिराची वेळ सांगितली होती. माझा हात दिसला आणि ताई म्हणाल्या, ‘चहा पुसेपर्यंत शिबिराची वेळ परत सांगते.’ शिबिराला गर्दी झाली. नटाची अब्रू राहिली.

बटण दाबलं की वहीत लिहायचं, हा नियम. वेळ, कारण, सही. बावीस वर्षांत मी एकशे त्रेचाळीस वेळा बटण दाबलं. वही कपाटात आहे, कोणीही बघावी. एकशे त्रेचाळीस वेळा हात वर केला.

एकशे चव्वेचाळिसावी वेळ वहीत नव्हती.

साहेब, पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवू नका. मला तहान लागलेली नाही.

दोन महिन्यांपूर्वीची ती सकाळ. काय झालं ते सगळ्या शहराला माहीत आहे, तरी क्रमाने सांगतो. आदल्या दिवशीपासून मोबाइलवर एक संदेश फिरत होता की, मोठ्या चौकातल्या मोबाइलच्या दुकानात सकाळी अकरा वाजता ती प्रसिद्ध अभिनेत्री येणार, आणि पहिल्या शंभर जणांना फोन फुकट. ताईंनी तो कार्यक्रमात वाचला. पाठोपाठ केंद्राची धून वाजली आणि गाणं लागलं. अकरा वाजता त्या दुकानाच्या जिन्यावर तीनशे माणसं होती. दुकान पहिल्या मजल्यावर, जिना एका वेळी एक माणूस जाईल एवढा. कठडा तुटला. सतरा जण पडले. देवाची दया म्हणून कोणी दगावलं नाही. पण एका निवृत्त पोस्टमन आजोबांचं खुब्याचं हाड मोडलं. नातीला फोन हवा होता म्हणून ते पहाटेपासून अंघोळ करून तयार होते. आयुष्यभर लोकांच्या दारापर्यंत चालत गेलेला माणूस, आता घरातल्या घरात वॉकर धरून चालतो.

ताई दर गुरुवारी त्यांच्याकडे जातात. ते काय म्हणाले ताईंना? माझ्यासमोर म्हणाले, मी एकदा सोबत गेलो होतो. ‘दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मी उठलो नसतो हो ताई. पण तुमच्या आवाजात ऐकलं.’ रागाने नाही म्हणाले. रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं.

चौकशी समिती बसली. ताई पहिल्यांदा ठामपणे म्हणाल्या, ‘मी लगेच पुढे सांगितलं होतं की ही थाप आहे.’ समितीने प्रसारित झालेलं रेकॉर्डिंग लावलं. त्यात तसं काही नव्हतं. ताई म्हणाल्या, परत लावा. परत लावलं. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मी खोलीच्या कोपऱ्यात उभा होतो. तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, ‘मला वाटलं होतं, मी म्हटलं.’

नगराध्यक्षसाहेब, आपण घड्याळाकडे बघताय. आपल्याला पुढचा कार्यक्रम असेल. पण आपण थांबावं अशी विनंती आहे, कारण यात आपलंही नाव आहे. घाबरू नका, आपला काही दोष नाही. आपण त्यात अगदी गमतीने आला आहात.

त्या सकाळी मी यंत्रापुढे बसलो होतो आणि माझ्या खुर्चीमागे आमचे साहेब उभे होते. मतदानाला दहा दिवस होते आणि नगराध्यक्षसाहेब पुन्हा उभे होते. नियम असा की, प्रसारणात कुठल्याही उमेदवाराचा उल्लेख नको. साहेबांचा आदेश चुकीचा नव्हता, हे मी साहेबांच्या तोंडावर सांगतो. त्यांच्याही मागे वरचे साहेब असतात. ताईंनी तो फोनचा संदेश नेहमीच्या गंभीर आवाजात वाचला. एक, दोन. आणि मग टोपी उडवायला घेतली. त्यात शेवटी ‘नगराध्यक्ष’ हा शब्द आला. साहेबांचा हात माझ्या खांद्यावर पडला आणि मी बटण दाबलं.

हो, मी दाबलं. ते बटण मी दाबलं.

मंडळी, शांत राहा. मला पुरं बोलू द्या, नाहीतर मी पुन्हा बोलणार नाही.

बटण दाबलं आणि माझा हात वर निघाला. सवयच ती. खांद्यापर्यंत आला असेल. साहेब म्हणाले, ‘राहू दे. परत बोलायला गेली तर परत नाव घेईल. धून लाव.’ मी हात खाली ठेवला आणि धून लावली. पाठोपाठ गाणं. पुढचं गाणं ठरलेलंच होतं, त्यामुळे ताईंना काही वेगळं वाटलं नाही. काचेतून त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा. मी खाली मान घालून एक बटण पुसत बसलो. मनात म्हटलं, गाणं संपलं की सांगू. गाणं साडेतीन मिनिटांचं. मग बातम्या. मग साहेब निवडणुकीच्या वेळापत्रकाबद्दल बोलत राहिले आणि मी ‘हो साहेब’ म्हणत राहिलो. अकरा वाजेपर्यंत जवळजवळ पावणेचार तास होते. तेवढ्या वेळात मी माणसं पायी पाठवून सांगू शकलो असतो. मला सुचलं नाही असं म्हणणार नाही. सुचलं होतं. वाटलं, फोन फुकट मिळतो यावर कोण विश्वास ठेवणार!

साहेब, आपण उठलात. मी अजून आभार मानलेले नाहीत, सभ्य माणसं आभारापर्यंत बसतात. बसा. मी सगळं तुमच्यावर ढकलत नाहीये. सूचना तुमची होती, पण हात माझ्या खांद्याला जोडलेला होता.

इथपर्यंतची चूक एक वेळ समजून घेता येईल. कामाच्या गडबडीत होतं, माणूस घाबरतो. यापुढचं मात्र चूक नाही.

चौकशीच्या दुसऱ्या दिवशी ताईंनी मला गच्चीकडच्या जिन्यात गाठलं. म्हणाल्या, ‘एक विचारते, खरं सांग. त्या दिवशी तू बटण दाबलं होतंस का?’ साधा प्रश्न होता. हो किंवा नाही. मी म्हणालो, ‘नाही ताई. दाबलं असतं तर हात केला नसता का?’

ऐकलंत? आमच्या बावीस वर्षांच्या रीतीचाच मी दाखला दिला. आणि ताईंनी तो ताबडतोब मानला. उलट त्याच म्हणाल्या, ‘हो रे, खरंच की. तू हात केला असतास. उगाच तुझ्यावर संशय घेतला, रागावू नकोस.’ माझी माफी मागितली त्यांनी. मी ‘असू द्या’ म्हणालो. अजून जिभेवर आहेत ते दोन शब्द.

मी हे का केलं? नोकरी जाईल म्हणून? थोडं तेही. पण खरं कारण याहून लाजिरवाणं आहे. सतरा माणसं माझ्या हातून पडली, हे मला स्वतःलाही सांगायचं नव्हतं. ताईंना ‘हो’ म्हटलं असतं तर ते मलाही ऐकू आलं असतं.

त्यानंतर ताईंनी निवृत्तीला दोन वर्षं बाकी असताना राजीनामा दिला. आजच्या निमंत्रणपत्रिकेवर छापलंय, ‘प्रकृतीच्या कारणास्तव’. मलाही वाटलं, बदनामीने कंटाळल्या असतील. मागच्या रविवारी त्यांची लेक माझ्या घरी आली. ही इथे बसली आहे ती. मला मामा म्हणते, लहानपणी स्टुडिओत माझ्या खुर्चीवर गोल गोल फिरायची. तिच्या हातात वही होती. म्हणाली, ‘मामा, तुम्ही आईला रोज बोलताना बघायचात. गेल्या वर्षभरात तिचं काही चुकत होतं का? शब्द विसरायची का? डॉक्टरांनी विचारलंय.’

मी विचारलं, कसले डॉक्टर? तर म्हणाली, विसराळूपणाचे. ‘आई म्हणते, मी एक वाक्य बोलले असं मला लख्ख आठवतं, आणि ते मी बोललेच नव्हते. म्हणजे माझं डोकं आता मला फसवतंय. मग यापुढे मी माझ्या कुठल्या आठवणीवर विश्वास ठेवू?’ घरात डब्यांवर चिठ्ठ्या लावल्यात त्यांनी. गॅस बंद केला की वहीत वेळ लिहितात. रात्री झोपताना दिवसभरात काय काय बोलले ते लेकीला सांगतात आणि विचारतात, बरोबर आहे ना? डॉक्टरांनी घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शंभरातून सात सात वजा करायला लावले. सगळं बरोबर आलं तरी ताईंचं समाधान नाही. म्हणतात, हा सुरुवातीचा काळ असेल.

ज्या बाईने बावीस वर्षं हातात एक कागद न घेता वीस वीस मिनिटं शहराची फिरकी घेतली, ती बाई गॅस बंद केल्याची वेळ वहीत लिहिते! का? तर एका माणसाने जिन्यात ‘नाही’ म्हटलं म्हणून.

लेकीला मी काय सांगितलं? म्हटलं, आठवून सांगतो. तेव्हाही खरं तोंडातून निघालं नाही. ती चहा न घेताच गेली आणि मी दार लावून तिथेच खाली बसलो.

आता माझ्या या दुसऱ्या खिशात काय आहे ते सांगतो. आमच्याकडे दोन रेकॉर्डिंग होतात. एक, बाहेर गेलेल्याचं. ते समितीने ऐकलं. दुसरं, स्टुडिओत प्रत्यक्ष बोललेल्याचं. ते कोणी मागितलं नाही. ते महिनाभर राहतं आणि मग यंत्र आपोआप पुसून टाकतं. एकोणतिसाव्या दिवशी मी ते या छोट्या रेकॉर्डरवर उतरवून घेतलं. ताईंना द्यायला घेतलं, असं म्हणून मोठेपणा घेणार नाही. पुसलं जाऊ नये एवढंच वाटलं. त्यानंतर महिना ते माझ्या टेबलाच्या खणात पडून होतं.

ते आता या माईकला लावतो.

साहेब काचेकडे बघून दोन बोटांची कात्री करताहेत. श्रोतेहो, तुम्हाला ती दिसत नाही म्हणून सांगतो. या सभागृहाच्या मागच्या भिंतीत काच आहे. काचेमागे नियंत्रण कक्ष, आणि तिथे आज आमच्या नव्या इंजिनिअर बाई बसल्या आहेत. ते बटण आता त्यांच्या हाताखाली आहे. त्यांना मीच शिकवलंय, त्यामुळे ते कसं दाबायचं हे त्यांना उत्तम येतं. बाई, मी तुम्हाला काहीही सांगणार नाही. तुमची नोकरी नवी आहे, घरी दोन मुलं आहेत. दाबायचं तर दाबा. फक्त दाबलंत तर हात वर करा. मला नाही, ताईंना दिसेल असा. आणि सभागृहातल्या मंडळींनो, तुमच्या आणि माझ्यामध्ये कुठलंच यंत्र नाही. तुम्हाला ऐकू येणारच आहे.

ऐका.

‘श्रोतेहो, आज सकाळी अकरा वाजता मोठ्या चौकातील मोबाइलच्या दुकानात आपल्या लाडक्या अभिनेत्री उपस्थित राहणार असून, पहिल्या शंभर ग्राहकांना फोन मोफत देण्यात येतील... थाप आहे! शुद्ध थाप. दुकानदाराला मी स्वतः विचारलं, त्यालाच माहीत नाही. कोणी तिकडे फिरकू नका. थाप कोणी मारली ते नगराध्यक्ष शोधतील, फीत कापून हात मोकळा झाला की.’

बस, एवढंच आहे. नगराध्यक्षसाहेब, आपण हसलात. मला वाटलंच होतं आपण हसाल. एवढ्याशा गमतीसाठी मी ते बटण दाबलं.

ताई, तुम्ही काहीतरी विचारताय. माईक माझ्याकडे आहे, म्हणून मी सगळ्यांना सांगतो. ताई विचारताहेत, ‘दोनदा म्हटलं होतं मी?’

हो ताई. दोनदा. आणि फिरकू नका, हेही म्हणाला होतात. दुकानदाराला विचारलं होतं, तेही खरं. तुम्हाला लख्ख आठवत होतं, कारण ते लख्ख घडलं होतं. तुमच्या डोक्याला काहीही झालेलं नाही. डब्यांवरच्या चिठ्ठ्या काढून टाका. तुमची लेक रडते आहे, तिला कोणी पाणी द्या. हा ग्लास द्या, साहेबांनी मघाशी पुढे केलेला.

काचेकडे बघतो. नव्या बाई खुर्चीवरून उठल्या आहेत. दोन्ही तळहात काचेला टेकवून उभ्या आहेत, सगळ्यांना दिसतील असे. म्हणजे बटणावर कोणाचाच हात नाही. म्हणजे बाहेर गेलं.

तर पोस्टमन आजोबा, रेडिओजवळ असाल तर ऐका. ताईंनी तुम्हाला घरी थांबायला सांगितलं होतं. ते तुमच्यापर्यंत पोचवायचं काम माझं होतं. तुम्ही आयुष्यात एकही पत्र वाटेत टाकलं नसेल, मी टाकलं. इथून निघालो की, सरळ तुमच्या दारात येतो. दार उघडायचं की नाही हे तुम्ही ठरवा, मी बाहेर थांबेन. बाकीच्या सोळा घरांचे पत्तेही माझ्याकडे आहेत. चौकशी समितीकडे या रेकॉर्डिंगची प्रत आणि माझा लेखी जबाब आज दुपारीच दिला आहे, त्यामुळे उद्यापासून मी इथे नसेन. वहीत एकशे चव्वेचाळिसावी नोंदही सकाळी केली. वेळ, कारण आणि सही. कारणाच्या रकान्यात ‘भीती’ असं लिहिलंय. बाकीच्या एकशे त्रेचाळीस ओळींत तसलं कारण कुठेच नाही.

आता रीतीप्रमाणे आभार. अध्यक्षांनी चार मिनिटं दिली होती, मी त्यांची चौपट केली, त्याबद्दल त्यांचे आभार. नगराध्यक्षसाहेब थांबले आणि स्वतःवरच्या विनोदाला हसले, त्यांचे विशेष आभार. खुर्च्या मांडणारे, फुलं आणणारे, ध्वनिव्यवस्था सांभाळणारे, आणि त्यातही आज काचेमागे उभ्या असलेल्या बाई, यांचे मी आयुष्यभर आभार मानेन. सभागृहातल्या आणि सभागृहाबाहेरच्या श्रोत्यांनी माझा हा न कमावलेला आवाज सहन केला. बोलताना कोणाचा मान राखायचा राहिला असेल, थोरामोठ्यांसमोर सूर चढला असेल, तर तेवढं आपण मोठ्या मनाने पोटात घाला.

दोन महिने गप्प बसलो, ते मात्र आपण कोणी पोटात घालू नका. तो अधिकार आपला नाही. तो ज्यांचा आहे, त्या खुर्चीवरून उठून इकडे यायला निघाल्या आहेत. काय बोलणार आहेत, मला माहीत नाही. जे बोलतील ते सगळं ऐकायला मी इथेच उभा आहे. माईक चालू आहे, ताई.